सेनापतीच्या सात बुड्या

माझ्या नातवंडांनो,

गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ गेला. तुमचे मामाआजोबा. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी त्याच्यावर पानं भरून लिहिलं. त्याने दिग्दर्शित केलेले सिनेमे, पुरस्कार, त्याचा तापट स्वभाव, सगळं आलं. आणि शेवटाकडे सगळ्यांनी एकच वाक्य छापलं होतं: त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लहानपणीच निधन झालं होतं. तुमच्यातल्या थोरलीने ते तिकडे परदेशात बसून वाचलं आणि रविवारी फोनवर मला विचारलं, "आजी, ती बिचारी सारखी आजारीच असायची का गं?"

"बिचारी" हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला. ज्यांनी तिला पाहिलं होतं त्यातले बरेचसे आता नाहीत, आणि माझंही वय झालं आहे. म्हणून हे आत्ताच लिहायला बसले.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, तेव्हा जमलंही असतं. पण ती मराठीत बोलायची आणि मराठीतच टोमणे मारायची. ते इंग्रजीत आणायला गेले की तिचा आवाजच जातो. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा. त्यांची ती मामेबहीण, म्हणजे नात्याने तुमची आत्या. पण ती गेली तेव्हा थोरली आज आहे त्याच वयाची होती, तेव्हा तिला आत्या म्हणायची सक्ती नाही.

आता क्रमाने सांगते.

ती आमच्याकडे नगरला आली तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मतःच तिच्या हृदयाला छिद्र होतं, आणि ते लक्षात येईपर्यंत फुप्फुसांवर इतका ताण आला होता की ऑपरेशन करण्यात अर्थ राहिला नव्हता. भरभर चालली की तिचे ओठ आणि नखं जांभळी पडायची. मुंबईची दमट हवा तिला सोसत नव्हती. भाऊ वर्षातले बरेच महिने चित्रीकरणासाठी बाहेर, आणि तिची आई घटस्फोटानंतर परदेशी राहायला गेलेली. ती दर मे महिन्यात येऊन लेकीपाशी राहायची. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मीच भावाला म्हटलं, नगरची हवा कोरडी आहे, आमचं घर तळमजल्यावर आहे, शाळा रस्त्यापलीकडे आहे. आण तिला.

ती आली ती दोन बॅगा आणि शंभर प्रश्न घेऊन. भुईकोट किल्ल्यात आता कोण राहतं? बाजरीची भाकरी पोळीसारखी लाटता का येत नाही? तुमचे आजोबा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पहिल्या आठवड्यातच ते म्हणाले, "माझ्या एम.एस्सी.च्या मुलांनी यातले निम्मे प्रश्न विचारले असते तरी मी धन्य झालो असतो."

पण तिला सगळे सारखे थांबवायचे. शाळेत खो-खोत उतरली की बाई शिट्टी वाजवायच्या. स्नेहसंमेलनाच्या नाचात घेतलं, तर तालमीतच खुर्ची देऊन बसवलं. मोठ्याने हसली तरी कोणीतरी "पुरे आता" म्हणायचं. घरात मीही म्हणायचे आणि म्हणावंच लागायचं. एकदा जेवताना भात कालवता कालवता ती म्हणाली, "आत्या, मी आजपर्यंत एकही गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत केलेली नाही. कोणी ना कोणी मध्ये येतंच."

"तुझ्या भल्यासाठीच येतात गं."

"माहीत आहे. तरी एक तरी करायची आहे. पूर्ण."

रडून नाही, रागावूनही नाही. बाजारातून काहीतरी आणायचं राहिलं आहे, अशा सुरात.

ती अकरा वर्षांची असताना फेब्रुवारीत आम्ही तिला पारनेर तालुक्यातल्या आपल्या मूळ गावी नेलं. ज्वारी काढणीला आली की तिथल्या चर्चमध्ये सुगीचा सण करतात. वेदीपाशी ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करतात, भोपळे, हरभरा, अंडी, कोणी पाय बांधलेली कोंबडी आणून ठेवतं. उपासना, मग जेवण आणि रात्री कीर्तन. तुम्ही कीर्तन पाहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. एकच माणूस उभा राहून गोष्ट सांगतो. मध्येच गातो, मध्येच लोकांची फिरकी घेतो, आणि साथीला पेटी, तबला आणि झांजा वाजवणारे टाळकरी असतात. आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांनी शास्त्रातल्या गोष्टी अशा कीर्तनातून सांगायची रीत फार पूर्वीच पाडली. गावातले कीर्तनकार म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आवाज असा की माईक बंद पडला तर कोणाला कळायचंही नाही.

परत येताना घाटात गाडी हळू झाली तेव्हा ती एकदम म्हणाली, "आत्या, तात्याआजोबा श्वास कुठे घेतात, ते मी शोधून काढलं."

"म्हणजे?"

"दोन वाक्यांमध्ये घेत नाहीत. ते एक ओळ म्हणतात, ती टाळकरी उचलतात आणि घोळवत बसतात. तेवढ्यात ते पाणी पितात, घाम पुसतात, श्वास घेतात. लोकांना वाटतं, कीर्तन चाललंय. खरं तर आजोबा सुट्टीवर असतात!" आणि थोड्या वेळाने, "हे मला जमेल."

आम्ही सगळे त्या रात्री कीर्तन ऐकत होतो. ती एकटी श्वास मोजत होती. तिच्याशिवाय हे कोणाला दिसलं असतं?

मी विषय टाळून पाहिला. तिने टाळू दिला नाही. पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना तिनेच विचारलं, "डॉक्टरकाका, उभं राहून गोष्ट सांगितली तर चालेल?" ते म्हणाले, "पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, जागरण नाही. गोष्टीला माझी हरकत नाही. दमलीस की थांब."

"थांबायची सोय करूनच सांगणार आहे," ती म्हणाली.

तात्या राजी होईनात. पुढच्या सुगीआधी आम्ही गावी गेलो, तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरींनी कीर्तन करू नये, असं मी म्हनत न्हाई. पन कीर्तनाला दम लागतो, बाळ."

"माझ्याकडे दम नाही म्हणून तर टाळकरी पाहिजेत, आजोबा. दम त्यांनी आणायचा."

तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "बापावर गेलीय. त्योबी असाच. सगळ्यांना कामाला लावायचं अन् आपन खुर्चीत बसायचं." पण हसले, आणि आतून पेटी मागवली.

कथा कोणती घ्यायची यावर गावातल्या बायकांनी आपापली मतं दिली. एक मावशी म्हणाल्या, प्रभूने मेलेल्या मुलीला हाताला धरून उठवलं, ती गोष्ट घे. तुझ्या वयाचीच हुती ती. त्यांच्या मनात चांगलंच होतं.

"ती नको, मावशी," ती म्हणाली. "त्या आख्ख्या गोष्टीत ती मुलगी एक शब्द बोलत नाही. नुसती निजते आणि उठते. मला बोलणारी मुलगी पाहिजे."

तिने घेतली ती परदेशी सेनापतीची कथा. अंगावर कोड उठलेला मोठा मानाचा सेनापती. त्याच्या घरी लढाईत धरून आणलेली एक लहान मुलगी कामाला असते. ती मालकिणीला म्हणते, आमच्या देशातल्या संदेष्ट्याकडे, त्या देवाच्या माणसाकडे, गेले तर मालक बरे होतील. सेनापती रथ, सोनं, नोकरचाकर घेऊन निघतो. संदेष्टा दारातसुद्धा येत नाही. आतूनच निरोप पाठवतो, जा, नदीत सात बुड्या मार. सेनापतीचा अपमान होतो, तो रागावून परत निघतो, नोकर त्याची समजूत घालतात आणि शेवटी तो बुड्या मारतो. "एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात कामाचं बोलणारी ती एकटीच आहे," असं तिने मला सांगितलं. "बाकी सगळे नुसता थाट करतात."

अडचण आली ती बुड्यांपाशी. तिथवर येईतो ती थकणार हे उघड होतं. विश्रांतीची खरी गरज तिथेच. प्रत्येक बुडीनंतर टाळकऱ्यांनी ध्रुपद, म्हणजे पदाचं पालुपद, धरायचं, असं तिने सुचवलं. तात्यांनी मान हलवली. "सात येळा तेच ध्रुपद? मानसं चपला शोधाय लागतील."

दोन दिवस ती त्यावर डोकं चालवत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हा दोघांना ओट्यावर बसवलं. "आता तुम्ही सेनापती. पाण्यात शिरलात. नाक धरा. मी सांगेपर्यंत श्वास सोडायचा नाही." आम्ही नाक धरलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. सावकाश, पोटभर श्वास घेत. तात्या लाल झाले, त्यांचे डोळे बाहेर आले.

"सोडा, आजोबा! पाण्याबाहेर आलात. कोड गेलं का?" आम्ही धापा टाकत असतानाच ती म्हणाली, "बघा. तुम्ही श्वास धरा, तेवढ्यात मी घेते."

तात्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग एवढंच म्हणाले, "चाळीस वर्सं कीर्तन करतोय. हे मला सुचलं न्हाई."

जागरण चालणार नव्हतं, म्हणून कीर्तन दुपारी ठेवावं लागलं. त्यावरून मंडळीत कुरकुर झाली. "दुपारच्याला कीर्तन? जेवून मानसं घोरत्यात, बाई!"

"घोरू द्या की," तात्या म्हणाले. "त्यांच्या घोरन्याला तबला धरू."

राहिला भाऊ. तो तेव्हा राजस्थानात चित्रीकरण करत होता. फोनवर म्हणाला, "ताई, तिला उभी करू नकोस. काही झालं तर?" मी उत्तर द्यायच्या आत तिने फोन घेतला.

"पप्पा, तुमच्या सिनेमातून कोणी मध्येच उठून गेलं तर तुम्हाला कसं वाटतं?"

"वाईट वाटतं."

"मग मला मध्येच उठवू नका."

"बरं. मग एक कॅमेरा पाठवतो. माझा माणूस येईल, कोपऱ्यात उभा राहील..."

"नको. कॅमेरा आला की कोणीतरी 'कट' म्हणणार. तुम्हाला यायचं तर या. कॅमेरा नाही, आणि 'कट' नाही."

"माझ्या हिरॉइनीसुद्धा इतक्या अटी घालत नाहीत!"

"त्यांना तुम्ही पैसे देता," ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला. तो पलीकडे हसत होता. पण यायला जमणार नाही असंही म्हणाला.

सुगीच्या दिवशी चर्च भरलं. खिडक्यांतून माणसं उभी. तिला माझी निळी काठापदराची साडी नेसवली होती, वर सेफ्टी पिनांचा पहारा. हातात चिपळ्या. पूर्वरंगात, म्हणजे कथेआधीच्या निरूपणात, तिने फार वेळ घालवला नाही. कथा सुरू झाली आणि मी हातातला रुमाल पिळणं थांबवलं. ती माझी भाची राहिली नाही, लोकांची झाली. सेनापतीचा थाट सांगताना तिने त्याला पांढऱ्या गाड्यांचा ताफा दिला, पुढे-मागे भोंगे. आमच्या देशातल्या नद्या काय वाईट, म्हणून तो चिडतो तिथे तिने आपल्या जिल्ह्यातल्या नद्या घातल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या मुळेला पाणी नाही? प्रवरेला नाही? मी या ओढ्यात उतरू?" मग लोकांकडे वळून, "नशीब त्याचं, त्या नदीला पाणी तरी होतं. आपल्या पारनेर तालुक्यात आला असता तर टँकरची वाट बघत बसला असता!" चर्च हसून हसून आडवं झालं. घोरणारा एकही नव्हता.

मग बुड्या. "नाक धरा!" म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, पोरं, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा, सगळ्यांनी नाक धरलं. इतकी शांतता झाली की वेदीपाशी बांधलेली कोंबडी तेवढी ऐकू येत होती. ती खांबाला हात लावून उभी राहिली आणि श्वास घेतला. "वर या!" सगळं चर्च एकदम फुसकन सुटलं, टाळकऱ्यांनी एक ओळ उचलली, आणि ती पुढच्या बुडीकडे वळली. पहिली. दुसरी. तिसरी.

चौथ्या बुडीला माझा भाऊ दारात आला.

तो विमानाने आणि पुढे गाडीने, कोणालाही न सांगता आला होता. त्याने काय पाहिलं, ते त्याच्या जागी उभं राहून पाहा. गच्च भरलेलं चर्च, आवाज नाही, कोणी हलत नाही. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे, त्यामुळे धरलेली नाकं त्याला दिसत नाहीत. आणि समोर त्याची मुलगी खांबाला धरून उभी, ओठ जांभळे, तोंडातून शब्द नाही. आयुष्यभर त्याचं काम एकच होतं. काही बिघडलं की ओरडून सगळं थांबवायचं.

"थांबवा!" तो ओरडला. "थांबवा हे! पाणी आणा!" आणि माणसांच्या मधून पुढे धावला.

चर्चमधल्या प्रत्येकाचा श्वास सुटला. कोणीतरी किंचाळलं. तबलजी उठून उभा राहिला. मीही उठले, आणि मला वाटलं, झालं. याही वेळी मध्येच.

तिने चिपळी एकदाच वाजवली.

"सेनापती!" ती म्हणाली. कीर्तनाच्याच आवाजात, माझ्या भावाकडे बोट करून. "अंग ओलं नाही, आणि निघालात कुठे? अजून चार बुड्या राहिल्यात!"

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग तात्यांनी मांडीवर थाप मारली, आणि चर्चभर हशा उसळला. माझा नामांकित भाऊ मधल्या वाटेत उभा, घामाघूम, हात पुढे केलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला. एका आजीने त्याचा शर्ट ओढला. "बस की रं खाली. नाक धर. आमी समदे बुडालोय, तू एकटाच कोरडा."

तो बसला. पहिल्या रांगेत, पोरांच्या मधे, मांडी घालून. आणि त्याने नाक धरलं.

चौथी बुडी पुन्हा झाली. पाचवी. सहावी. सातवी तिने लांबवली आणि कोणीही लबाडी केली नाही. मग सेनापतीची कातडी लहान मुलासारखी झाली, टाळकऱ्यांनी शेवटचं पद उचललं, आणि तिने ते त्यांच्याबरोबर स्वतः म्हटलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग ती वाकली आणि म्हणाली, "कथा संपूर्ण." हे शब्द म्हणताना तिचा चेहरा कसा दिसत होता ते मला लिहिता येत नाही.

संध्याकाळी अंगणात खाटेवर ती पडून होती आणि भाऊ शेजारी बसला होता. मी चहा घेऊन गेले.

"चौथ्या बुडीला तू जरा जास्त थांबलीस," तो म्हणत होता. कामाबद्दल बोलावं तसं, बरोबरीच्या माणसाशी.

"ते तुमच्यामुळे. बाकी?"

"बाकी कुठेही हात लावायला जागा नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, मी इतकी थिएटरं पाहिली. पण सगळ्या प्रेक्षकांचा श्वास एकदम कोणाच्या हातात असलेला मी पाहिला नव्हता."

तिने ते कीर्तन आणखी दोनदा केलं. एकदा श्रीगोंद्याकडे साखर कारखान्याच्या वसाहतीत आणि एकदा शाळेत, जिथे खो-खोच्या बाईंनीही नाक धरलं. दोन्ही वेळा शेवटापर्यंत. पुढच्या पावसाळ्यात तिची तब्येत उतरली. एका सकाळी, घरात, माझ्या आणि तिच्या वडिलांच्या समोर ती गेली. तेरा वर्षांची होती. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

भावाला मुलाखतींमध्ये तिच्याबद्दल पुष्कळदा विचारलं गेलं. तो कधी बोलला नाही. लोकांना वाटायचं, दुःखामुळे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "माझ्या नावाखाली तिला कशाला आणू? तिचं काम वेगळं होतं." म्हणून वर्तमानपत्रांना ते एकच वाक्य मिळालं.

त्या दुपारचं चित्रीकरण नाही. तिने ते होऊ दिलं नाही. तात्या गेले, आता तिचे वडीलही गेले. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेल्या पोरांतली एक मुलगी आज पारनेरजवळच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि दरवर्षी सुगीच्या सणाला, दुपारी, हीच कथा कीर्तनात सांगते. यंदा फेब्रुवारीत मी गेले होते. तिला दम लागत नाही. तरी प्रत्येक बुडीला ती खांबाला हात लावून थांबते, आणि सगळं चर्च नाक धरून बसतं.